पडवीत उघडलेलं इंजिन

हळवं भात झोडायला आलंय. शेजारच्या खळ्यावर सकाळपासून पेंढ्या आपटल्या जातायत आणि वाऱ्यासोबत तिथली धूळ आणि बारीक कूस सरळ इकडे येतेय. किन्हवलीजवळच्या या घराच्या पडवीला सरांनी तिन्ही बाजूंनी जुन्या साड्या बांधल्यात, ब्लॉकवर प्लास्टिक टाकलंय, तरी त्यांचे मामा दर थोड्या वेळाने उठून साडीचं टोक खोचतात. "झोडणीत इंजिन काढतात का कुणी?" असं ते पुन्हा म्हणतात. पण शाळेला दिवाळीची सुट्टी आत्ताच आहे, त्यामुळे सरांचा इलाज नाही.

गाडी अंगणात आंब्याखाली उभी आहे, बॉनेट काढलेली, पुढचा भाग रिकामा. प्रीमियर पद्मिनी, एमएच-०४, सरांच्या वडिलांची. दोन वर्षं निळा धूर सोडत होती, तेल खात होती. सगळे सांगत होते, गाडी इंजिनाला आली. सरांनी आजवर प्लग आणि पॉइंटच्या पलीकडे कशाला हात लावलेला नाही. मामांनी मात्र मुंबईत आयुष्यभर टॅक्सी चालवली. त्यांच्या पिढीची टॅक्सी म्हणजे हीच गाडी, आणि धंदा बुडू नये म्हणून तिचं बरंचसं काम ते स्वतःच करत. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा मामा गावीच होते. त्या दिवशी टीव्ही लावला नाही, एवढंच ते सांगतात.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलीत आणि त्यांवर जुने भाग क्रमाने मांडलेत: एक, दोन, तीन, चार. पिस्टन, रिंगा, बेअरिंगच्या अर्धगोल चकत्या, व्हॉल्व्ह. नवा माल खोक्यात आहे, पण मामांचं सगळं लक्ष या जुन्याकडे आहे. बिग एंडच्या बेअरिंगची एक चकती ते उन्हात धरतात. वरचा करडा थर मधोमध गेलाय आणि खालचं तांबं लालसर दिसतंय.

"वरची चकती बघ. स्फोटाचा मार हिच्यावर बसतो. खालची त्यामानाने बरी आहे." मग ते सरांचा अंगठा धरून चकतीवरून फिरवतात. "रेघा लागतात ना हाताला? तेलातून कचरा फिरलाय."

सर अंगठा दोनदा फिरवतात. चेहऱ्यावरून कळतं, त्यांना रेघ लागली.

हे बघण्यासाठीच मी आलोय. गॅरेजमध्ये गाडी दिली की जुने पिस्टन भंगारात जातात आणि मालकाच्या हातात बिल येतं. गाडी कशी चालवली गेली, कुठे रेटली गेली, कधी तेलाविना पळाली, हे सगळं त्या भंगारात निघून जातं. पहिल्यांदा इंजिन उघडणाऱ्याने जोडायची घाई करू नये. आधी झीज वाचावी. माझं हे मत जुनं आहे आणि या पडवीत ते पक्कं होतंय.

सरांची मुलगी नववीत आहे, वही तिच्याकडे. ब्लॉक लेथवर जाण्याआधीची मापं त्यात आहेत: प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजलेला. आकडे वाचले की कळतं, बोअर गोल राहिलाच नव्हता. स्फोटानंतर पिस्टन खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो आणि पिस्टनला एका भिंतीवर दाबतो, म्हणून ती भिंत जास्त जाते. सगळ्यात जास्त झीज अगदी वर, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते तिथे. दाब तिथेच सर्वाधिक आणि तेल सर्वात कमी.

"मामाआजोबा, तीन नंबर सगळ्यात खराब का?"

"ते पाण्याच्या वाटा उघडल्यावर कळेल. तिथे गाळ बसला असेल, गरम होत असेल. आणि तुझे आजोबा आत्याकडे ओतूरला जायचे, मालशेज चढून, टॉप गिअर सोडायचे नाहीत."

बोअर आणि स्ट्रोकवरून इंजिनाचं घनफळ तिने स्वतः काढलंय. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार. उत्तर १,०८९ सीसी. ही मापं मुळात कुर्ल्याच्या कारखान्यातली नव्हेत. १९३७ साली तुरीनमध्ये फियाटने बालिल्ला ११०० बाजारात आणली, दांते जाकोसा यांच्या हाताखाली बनलेली, तिच्यातही ६८ बाय ७५च होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट कुर्ल्यात बनू लागली आणि १९७४ मध्ये तीच पद्मिनी झाली. अंगरखे बदलत गेले, बोअर-स्ट्रोक तेच राहिले. आता रीबोअरनंतर बोअर ६८.४ झालाय. मुलगी पुन्हा गुणाकार करते आणि १,१०२ असं लिहून खाली दोन रेघा मारते.

ब्लॉक कालच लेथवरून आला. आत होनिंगच्या तिरप्या रेषा एकमेकींना छेदत गेल्यात. तेल धरून ठेवायला त्या लागतात. पण होनिंगच्या दगडाची बारीक कच लोखंडाच्या छिद्रांत अडकून राहते आणि नुसत्या रॉकेलने ती निघत नाही. म्हणून चुलीवर पाणी तापलंय. सर कपड्यांचा साबण घालून ब्रशने बोअर घासतात, पाणी ओततात, धोतराच्या पांढऱ्या फडक्याने पुसतात. फडकं काळं. पुन्हा. करडं. पुन्हा. बऱ्याच वेळाने फडकं तसंच पांढरं बाहेर येतं आणि मामा लगेच तेलाचा हात फिरवायला लावतात. उघड्या बिडावर गंज चढायला वेळ लागत नाही. एका कोपऱ्यात तेवढ्यातच केशरी झाक आली होती, ती मुलीने दाखवली.

क्रँक बसतो. मेन बेअरिंग तीनच, त्यामुळे हे काम लवकर उरकतं. सरांनी मागवलेला प्लास्टिकचा बारीक धागा जर्नलवर ठेवून कॅप आवळतात, उघडतात आणि चपटा झालेला धागा पट्टीवर मोजतात: दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन सहस्रांश. मामांना धागा ठाऊक नाही. ते तेल लावून क्रँक बोटाने ढकलतात, तो किती फिरून थांबतो ते बघतात आणि म्हणतात, "बरोबर बसलाय." धागा आणि बोट एकच सांगतायत, हे बघून सर खुलतात.

मग रिंगा. एकेक रिंग बोअरमध्ये सोडायची, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि तोंडातल्या फटीत फिलर गेज घालायचा. या मापाच्या बोअरला दहा-अकरा थाऊ हवेत. दोन नंबरची वरची रिंग सातच दाखवते.

"सात चालेल?" सर विचारतात.

"थंडीत चालेल. गरम झाली की वाढेल, तोंडं भिडतील आणि बोअर ओरबाडेल."

सर कानस घेतात. एकाच टोकावर, एकाच दिशेने, हलक्या हाताने. मोजतात, घासतात, मोजतात. गेज अखेर सरकतो.

पिस्टन घालताना रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देत नाहीत. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवलेत, क्रँकवर ओरखडा नको म्हणून. रिंग कॉम्प्रेसर आवळून हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन ठोकायचा. तीन पिस्टन सलग जातात. चौथ्याला आवाज बदलतो. भरीव ठपऐवजी कोरडा ठक.

"थांब!" मामा ओरडतात. सरांचा हात हवेतच राहतो. पिस्टन बाहेर काढतात. तेलाची रिंग कॉम्प्रेसरखालून निसटून ब्लॉकच्या काठावर आलीय. आणखी एक ठोका पडता तर तुटली असती. रिंग शाबूत आहे. पुन्हा तेल, पुन्हा कॉम्प्रेसर, आणि या वेळी पिस्टन आवाज न बदलता आत उतरतो.

दुपार कलंडलीय. सर क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवतात. जड आहे, पण कुठे अडत नाही. चार पिस्टन दोन-दोनच्या जोडीने वर-खाली होतात. मुलगी दहा फेऱ्या मोजून घेते आणि वहीत तसं लिहिते.

उद्या हेड. व्हॉल्व्ह सीटवर घासून झालेत. मामा हेड उलटं ठेवून त्यात रॉकेल भरणार आणि कुठून पाझरतं ते बघणार. पाझरलं तर पुन्हा घासायचं.

"आणि चालू झाल्यावर?" सर विचारतात.

"आधी तेलाचा लाल दिवा विझतोय का ते बघायचं. मग इथून सरळगाव, सरळगावहून मुरबाड आणि परत. एकाच वेगाने पळवायची नाही, चढावर खालचा गिअर टाकायचा. पाचशे किलोमीटरला तेल काढायचं आणि ते मला दाखवायचं."

"मालशेज?"

"तेल बघून सांगतो."