एका मोटारीची झाली घरं!

दोस्तांनो, तुम्ही कधी गाड्या ओळखायचा खेळ खेळलात का? महाड-पोलादपूरच्या मुलांसाठी तर तो फार सोपा. मुंबई-गोवा हायवे गावाजवळूनच जातो ना! रस्त्यापासून चांगलं लांब उभं राहायचं, बरं का, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ओळखायच्या. एस.टी.ला एक गुण, ट्रकला एक गुण. आणि एखादी लांबलचक, चकचकीत परदेशी मोटार कशेडी घाटाकडे सुळकन निघून गेली, की एकदम दहा गुण!

आता अशी कल्पना करा, की तीच दहा गुणांची मोटार तुमच्या गावात येऊन थांबली. मालक खाली उतरले. सरपंचांच्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, "ही गाडी आजपासून तुमच्या गावाला दान!"

टाळ्यांचा कडकडाट होईल. पण दुसऱ्या दिवशी काय? पेट्रोल कोण भरणार? बिघडली तर सुटे भाग कुठे मिळणार? पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर रात्री कुणी आजारी पडलं, तर अरुंद, खडबडीत, वळणावळणाच्या रस्त्यावर ही लांब, बुटकी गाडी चढणार का? तिथे साधी जीपच बरी. म्हणजे दान तर मोठं मिळालं, पण वापरायचं कसं?

हा प्रश्न एकदा खरोखरच पडला होता. आणि ती मोटार दान झाली होती आपल्या मुंबईत!

पोप आले, मोटार ठेवून गेले

डिसेंबर १९६४ ची गोष्ट. ख्रिस्ती लोकांच्या एका मोठ्या जागतिक मेळाव्यासाठी पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. भारतात आलेले ते पहिलेच पोप. त्यांना पाहायला रस्त्यांवर माणसांची तुफान गर्दी झाली होती. त्यांच्या दौऱ्यासाठी अमेरिकेतल्या देणगीदारांनी एक पांढरी लिंकन कॉन्टिनेंटल मोटार भेट दिली होती. त्या काळी आपल्याकडच्या रस्त्यांवर मुख्यतः अँबॅसडर आणि फियाट धावायच्या. त्यांच्यामध्ये ही लिंकन म्हणजे बदकांच्या थव्यात राजहंसच!

भारतातून निघताना पोपनी ही मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात आपली संस्था सुरू केली होती. निराधार, आजारी, रस्त्यावर पडलेल्या माणसांची सेवा हे त्यांचं काम. स्वतः त्या जाड्याभरड्या पांढऱ्या साडीत राहायच्या, पायी फिरायच्या. त्यांना आलिशान मोटार कशाला हवी?

पण त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं. कुष्ठरोग्यांसाठी एक गाव वसवायचं होतं.

विकायची, की सोडत काढायची?

मोटार सरळ विकता आली असती. पण मदर तेरेसांनी तिची सोडत काढली. लोकांनी तिकिटं घ्यायची आणि ज्याचा नंबर लागेल त्याने मोटार न्यायची. यात काय युक्ती होती? चला, एक गणित करू या. आकडे खरे नाहीत हं, फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, गाडी बाजारात विकली तर एकच गिऱ्हाईक येऊन १० लाख रुपये देईल. पण १०० रुपयांचं एक, अशी २०,००० तिकिटं खपली तर? १०० गुणिले २०,००० म्हणजे २० लाख! पैसे दुप्पट झाले. शिवाय एका श्रीमंताऐवजी वीस हजार तिकिटांचा हातभार लागला. तिकीट घेणाऱ्याला मोटार नाही मिळाली, तरी त्याचे शंभर रुपये वाया गेले नाहीत. ते सत्कार्याला लागले.

(मात्र आज अशी सोडत मनाला येईल तशी काढता येत नाही. त्यासाठी कायदा आहे, सरकारची परवानगी लागते. तेव्हा वर्गात लगेच तिकिटं छापायला घेऊ नका!)

मदर तेरेसांच्या सोडतीला छान प्रतिसाद मिळाला. त्या पैशांतून पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ 'शांतिनगर' उभं राहिलं. तिथे कुष्ठरोग्यांवर उपचार होऊ लागले. त्यांना राहायला घरं मिळाली, हाताला काम मिळालं.

हे इतकं मोठं काम का, ते समजून घ्या. त्या काळी कुष्ठरोग झाला की घरचेही माणसाला बाहेर काढत. औषध होतं, पण ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. आज तसं नाही. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी १८७३ साली शोधला. एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग होत नाही. साधारण सहा महिने ते वर्षभर औषधं घेतली की तो पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. लक्षात ठेवाल ना?

आधी विचारा, मग द्या

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका थोर माणसाने दानाचा असाच धडा दिला आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे! १८ एप्रिल १९५१ रोजी ते तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात होते. तिथल्या भूमिहीन दलितांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? ते म्हणाले, ८० एकर जमीन. विनोबांनी गावकऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला, तेव्हा रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. भूदान चळवळ तिथून सुरू झाली.

पुढे देशभर लाखो एकर जमीन मिळाली. पण त्यात काही खडकाळ, नापीकही निघाली. म्हणजे काहींनी लागणारी वस्तू दिली, तर काहींनी नको असलेली!

हा फरक महाडकरांना समजावून सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी शहरातल्या घराघरांत, दुकानांत शिरलं. त्याच दिवसांत तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा वेळी घरात गुडघाभर चिखल असतो. तेव्हा फावडं हवं असतं, पिण्याचं पाणी हवं असतं, कोरडी चटई, औषधं, मुलांना वह्या हव्या असतात. फाटक्या कपड्यांचं गाठोडं आलं, तर ते ठेवायचं कुठे, हीच आणखी एक पंचाईत!

आईबाबांसाठी चार ओळी

जुनी गाडी संस्थेला द्यायची असेल, तर नुसती किल्ली देऊन भागत नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का, ते पाहावं. आर.टी.ओ.मध्ये गाडी संस्थेच्या नावावर करून द्यावी. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात. विमाही बदलून घ्यावा. नाहीतर उद्या अपघात झाला, तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. आयकरात देणगीची जी सूट मिळते, ती पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. म्हणून कित्येकदा गाडी स्वतः विकून पैसे संस्थेला देणं दोघांनाही सोयीचं पडतं.

आता तुमची पाळी

मोटार तुमच्याकडे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे! पण लहान झालेली सायकल असेल, गेल्या वर्षीची पुस्तकं असतील, न वापरलेलं दप्तर असेल. ते देण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू कुणाला हवी आहे, हे मी विचारलं का? ती चालू आहे का? आणि मला कुणी ती अशीच दिली असती, तर मी खुशीने घेतली असती का?

तिन्ही उत्तरं 'हो' आली, की सायकलच्या चाकात हवा भरा, साखळीला तेल घाला, फडक्याने पुसून लख्ख करा आणि द्या. घंटी मात्र वाजते ना, ते आधी बघा. ज्याला सायकल मिळेल, तो पहिल्यांदा तीच वाजवून बघणार आहे!