वयात येणारी मुले आणि घरातला मोबाईल

शेतीचे काम आता बांधापुरते राहिलेले नाही. पिकाची नोंद, अनुदानाचा अर्ज, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेतील जमाखर्च यांपैकी बरेचसे काम मोबाईलवर होऊ लागले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाचे छायाचित्र काढून त्याची नोंद शेतकऱ्याला स्वतः करता येऊ लागली. परंतु पुष्कळ घरांत हे काम प्रत्यक्षात करतो तो नववी-दहावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी. पूर्वी घरी आलेले पत्र वाचून दाखविण्याचे काम घरातल्या शिकलेल्या मुलाकडे असे. आज त्याच वयाच्या मुलांच्या हाती घरच्या पैशाची व कागदपत्रांची किल्ली आली आहे. म्हणून इंटरनेटचा जबाबदारीने वापर करण्यास मुलांना शिकविणे हा केवळ शाळेचा विषय नसून शेतकरी कुटुंबाच्या हिताचा प्रश्न आहे.

फसवणूक कशी होते?

‘सावध राहा’ एवढे सांगून मुले सावध होत नाहीत. कीड ओळखता आली तरच तिचा बंदोबस्त करता येतो. त्याचप्रमाणे फसवणुकीच्या रीती मुलांना उलगडून दाखवाव्या लागतात.

पहिली रीत खोट्या ॲपची. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘पीएम किसान’ किंवा अशाच एखाद्या योजनेचे नाव दिलेली फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडून बसविली की ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेकडून येणारा ओटीपी दूर बसलेल्या ठकाला दिसू लागतो. म्हणून संदेशातून आलेली अशी फाइल कधीही उघडू नये. योजनेचे संकेतस्थळ पाहताना त्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा संपतो की नाही, हे मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावे.

दुसरी रीत पैसे ‘देण्याची’. समजा, एखाद्या शेतकऱ्याने जुना पंप विकण्यासाठी इंटरनेटवर जाहिरात दिली. लगेच एक गिऱ्हाईक फोन करते, भावात घासाघीसही करीत नाही आणि ‘बयाणा पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगते. पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयचा पिन केवळ पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ असावे.

तिसरी रीत थोड्या मोठ्या मुलांसाठी असते. ‘तुझे बँक खाते काही दिवस वापरू दे, दलाली देतो’ असे आमिष त्यांना दाखविले जाते. त्या खात्यातून इतरांचे लुबाडलेले पैसे फिरविले जातात आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचेही आमिष असेच असते. अशा खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केलेली आहे.

पुढे धाडलेल्या संदेशाची जबाबदारी

स्वतःचे रक्षण हा या शिक्षणाचा अर्धा भाग झाला. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होऊ न देणे हा उरलेला अर्धा भाग होय. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षेकरी समाजातील ५ जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळीच्या खोट्या अफवा त्या काळात मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. संदेश पुढे धाडणाऱ्या कितीतरी जणांना आपण काही वाईट करीत आहोत असे वाटलेही नसेल. संदेश कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि तो खरा असल्याची खात्री कोठे करता येईल, हे ३ प्रश्न विचारल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये, ही सवय मुलांना याच वयात लागली पाहिजे.

छायाचित्रांबाबतही हेच लागू आहे. वर्गातील मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून पसरविणे, त्यात फेरफार करणे ही थट्टा नव्हे. १८ वर्षांखालील मुलामुलींची अश्लील चित्रे बनविणे, बाळगणे वा पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा व पॉक्सो कायदा या दोहोंखाली गंभीर गुन्हा आहे.

चूक घडल्यावर

पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. फसगत झाल्यावर मूल बहुधा माराच्या किंवा मोबाईल काढून घेतला जाण्याच्या भीतीने गप्प बसते. मुलींना तर शाळाच बंद होण्याची धास्ती असते. छायाचित्राच्या धमकीने पैसे मागणारा मनुष्य याच भीतीवर जगतो. पैशाच्या फसवणुकीत तर वेळेला फार महत्त्व आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळविल्यास पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी खात्यात अडवून धरता येण्याचा संभव असतो. दोन दिवसांनी तो फारसा उरत नाही. यास्तव ‘जे घडले ते सांग, तुला रागावणार नाही’ असे वचन आईवडिलांनी आधीच द्यावे आणि ते पाळावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

बंदी की शिस्त?

यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी येथील ग्रामसभेने २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळा मार्ग निवडण्यात आला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजावा, दीड तास घरोघरी मोबाईल व दूरदर्शन संच बंद राहावेत आणि मुलांनी अभ्यास करावा, असे ठरले. दोन्ही गावांची काळजी एकच होती. परंतु ज्या घरात शेतीचे व्यवहारच मोबाईलवर चालतात, तेथे संपूर्ण बंदी टिकणे कठीण. ठरावीक वेळ पाळण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. त्यात मोठी माणसेही बांधली जातात, हा त्याचा खरा गुण. स्वतः जेवताना मोबाईल पाहणाऱ्या वडिलांचा उपदेश मूल ऐकत नाही.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या सहकार्याने पालक व मुले यांची एकत्र बैठक घ्यावी. भाषणापेक्षा प्रात्यक्षिकावर भर असावा.

१. एक खरा व एक खोटा संदेश शेजारी ठेवून त्यांतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा.

२. प्रत्येक मोबाईलवरील ॲपच्या परवानग्या उघडून अनावश्यक असतील त्या बंद कराव्या.

३. पिन खातेदाराने स्वतः टाकावा; मुलांकडून टाकवून घेऊ नये. वृद्धांनाही हे शिकवावे.

४. १९३० व १०९८ हे क्रमांक ग्रामपंचायत, शाळा व दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावे.

अशा बैठकीत शिकलेले मूल घरी जाऊन आजीआजोबांनाही शिकविते. ज्या घरात मूल निर्भयपणे बोलू शकते आणि मोठी माणसे त्याचे ऐकतात, त्या घरात ठकाला सहसा वाट सापडत नाही.