तांबडी सुर्ल्याची रानवाट आणि लहान मुले

बेळगावहून खानापूर, रामनगर व अनमोड या मार्गाने गोव्यात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग घाट संपताच मोले येथे येऊन पोचतो. समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने निघालेली बहुतेक कुटुंबे येथे चहापाणी उरकून पुढे जातात. वस्तुतः सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश थांबून पाहण्यासारखा आहे. येथील भगवान महावीर अभयारण्याचा विस्तार २४० चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. याच अरण्यप्रदेशात, मोल्याच्या उत्तरेस, तांबडी सुर्ला येथे महादेवाचे प्राचीन मंदिर आहे. मंदिरापर्यंत वाहन जाते, जवळूनच नदी वाहते आणि पुढे रानात पायवाट शिरते. प्रवासातील एक दिवस मुलांसह पायी हिंडण्यात घालवू इच्छिणाऱ्या कुटुंबाला इतकी सोयीची जागा गोव्यात क्वचितच मिळेल. मात्र अशा दिवसाची आखणी मोठ्यांच्या सहलीप्रमाणे करून चालत नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातील चालीचा एक ठोकताळा सांगितला. सुमारे पाच किलोमीटर अंतरास एक तास, आणि सहाशे मीटर चढणीस आणखी एक तास, असा तो आहे. धडधाकट प्रौढ माणसास तो आजही उपयोगी पडतो. पाच वर्षांच्या मुलास तो लागूच होत नाही. या वयाचे मूल पावलोपावली थांबते. मुंग्यांची रांग दिसली की खाली बसते, वाकडी काठी सापडली की ती घेऊनच पुढे जाते. रानवाटेवर तासाला दीड-दोन किलोमीटर चालणे झाले तर ती चाल चांगली समजावी. मुलाच्या दृष्टीने ते थांबणे हीच सहल असते. शिखर किंवा धबधबा गाठण्याचा हट्ट बहुधा वडील मंडळींचा असतो. म्हणून चालण्याचे माप अंतरावरून न ठरवता वेळेवरून ठरवावे, आणि तेही सर्वांत लहान मुलाच्या पावलांनी. हाती तीन तास असतील तर पहिला तास संपताच परत फिरावे. उरलेले दोन तास परतीसाठी व विश्रांतीसाठी लागतात, कारण लहान मूल हळूहळू थकत नाही. आत्ता उड्या मारीत असते आणि पुढच्या वळणावर एकाएकी ‘उचलून घ्या’ म्हणते. ते ताजेतवाने असतानाच माघारी वळणे यात सारे कौशल्य आहे. जेवढे अंतर मुलाला उचलून आणता येईल, त्याहून दूर जाऊच नये.

सकाळी लवकर मंदिरापाशी पोचावे. कदंब राजवटीच्या काळातील, बाराव्या-तेराव्या शतकातील हे देवालय आकाराने लहान व पूर्वाभिमुख आहे. गोव्यातील घराघरांच्या भिंतींतून दिसणारा तांबडा चिरा येथे नाही. सारे बांधकाम काळ्या बेसाल्ट दगडाचे आहे. दोन्ही दगड मुलांना हाताळावयास द्यावेत. एकाला छिद्रे का, दुसरा गुळगुळीत का, हा प्रश्न ती आपणहून विचारतात. मंडपातील एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली तुडवीत असल्याचे शिल्प आहे. ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते आणि मोठ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. छतावरील दगडी कमळ पाहण्यासाठी मात्र मान वर करावी लागते. मस्तक नसलेला नंदी पाहून ‘याचे डोके कुठे गेले?’ असे विचारले जाईलच. शिक्षकांनी शाळेची सहल आणली, तर शिल्पाची माहिती आधी न सांगता मुलांनाच शोधावयास लावावे. हे वास्तुसंरक्षित स्थळ असल्याने शिल्पांवर चढू देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

येथून पुढे रान. हा मुलूख गव्यांचा आहे. उंच झाडांवर शेकरू दिसते, आणि धनेश पक्ष्याच्या पंखांचा मोठा आवाज पक्षी दिसण्यापूर्वीच ऐकू येतो. प्राणी दिसतीलच अशी आशा मुलांना दाखवू नये. ठसे, गळलेली पिसे, अर्धवट खाल्लेली फळे यांत त्यांचे मन अधिक रमते. चालताना एक मोठा माणूस पुढे, एक मागे आणि मुले मध्ये, असा क्रम असावा. निघण्यापूर्वीच मुलांना एक गोष्ट पक्की सांगावी: चुकलास तर शोधत फिरू नकोस, जवळच्या झाडाला धरून तिथेच थांब आणि शिट्टी वाजव. एकेक शिट्टी गळ्यात अडकवून दिली तर त्यात मौजही आहे. हरवलेले मूल एके जागी थांबले तर लवकर सापडते. ते चालत राहिले तर शोधाचे क्षेत्र क्षणाक्षणाला वाढत जाते.

खरा धोका श्वापदांपेक्षा पाण्याचा आहे. धबधब्याकडे जाणारी वाट ओढे ओलांडीत जाते, आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला तर खाली ऊन असतानाही प्रवाह फुगतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यावर पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून आधी मुलांना काठावर घ्यावे. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन या वाटेस जाऊच नये. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाला, आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. त्याच महिन्यात दूधसागरला जाण्यासाठी लोहमार्गावरून चालणाऱ्यांवर रेल्वेने कारवाई केली. रुळांवरून चालणे मोठ्यांनाही मना आहे. मुलांना बरोबर घेऊन तसे करणाऱ्या पालकांस काय म्हणावे? दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांतही प्रवेशाचे नियम वनखात्याच्या मोले येथील नाक्यावर विचारून घ्यावेत. गावातील जाणता माणूस वाटाड्या म्हणून मिळाला तर अवश्य घ्यावा. झाडापानांची त्याच्याइतकी माहिती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

खाण्याचे पदार्थ साधे असावेत. पाणी मात्र भरपूर हवे. खेळात रमलेले मूल तहान लागल्याचे सांगत नाही. दर वीस मिनिटांनी दोन घोट आपणच पाजावे. चेहरा लाल झाला, मूल चिडचिड करू लागले किंवा गप्प झाले, तर सावलीत बसवावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी थोडे थोडे द्यावे. साप चावला तर आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये. चावलेला अवयव हलू न देता मुलाला उचलून वाहनापर्यंत न्यावे आणि १०८ क्रमांकास कळवावे. रानात दूरध्वनी लागेलच असे नाही, आणि फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय मोल्यापासूनही सुमारे तीस किलोमीटर आहे. गाडीपासून फार दूर जाऊ नये, याचे हे आणखी एक कारण.

पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद बूट घालावेत. जळवांची भीती फारशी बाळगू नये. गोचिडांची मात्र बाळगावी. शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून हा रोग गोचिडांच्या चाव्याने होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे नेमका हिंडण्याचाही. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनरक्षकास सांगावे. मुक्कामी पोचताच मुलांना ऊन पाण्याने आंघोळ घालावी आणि काखा, जांघा, कानांमागील भाग व केसांची मुळे नीट तपासावीत. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. अंगावरचे कपडे वेगळे काढून गरम पाण्यात धुवावेत. पुढील आठवडा-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना प्रथम हे सांगावे की मूल रानात जाऊन आले आहे.