घरच्या स्टुडिओसाठी खरा हेडफोन

गाणी ऐकण्यासाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक हेडफोन आवाज खुलवून ऐकवतात. खर्ज थोडा फुगवलेला असतो, वरचे स्वर चकचकीत केलेले असतात, आणि त्यामुळे बेताचे ध्वनिमुद्रणही भरदार वाटते. नुसते ऐकणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसते. पण त्याच हेडफोनवर कोणी घरी गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे मिक्सिंग करू लागला की सगळे उलटे होते. कानाला डग्गा जास्त वाटतो म्हणून तो कमी केला जातो, झांज टोचते म्हणून ती दाबली जाते. मग तेच गाणे मोटारीत किंवा मंडपातल्या स्पीकरवर वाजले की डग्गा हरवलेला असतो आणि झांज मळकट झालेली असते. हेडफोनचा दोष असा उलटा होऊन गाण्यात उतरतो. ज्या हेडफोनकडून हे कमीत कमी घडते, तो कामासाठी अचूक.

घरी काम करणाऱ्याला स्पीकरपेक्षा हेडफोनची गरज अधिक भासते, कारण घरातली खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकते आणि ठराविक वारंवारितेला खोली स्वतःच घुमू लागते. आठ फूट रुंदीच्या खोलीत ही वारंवारिता सुमारे ७० हर्ट्झ येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे अशा खोलीत भिंतीला टेकून बसले तर खर्ज दणदणीत ऐकू येतो आणि खोलीच्या मध्यावर तोच जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर कितीही महाग असला तरी हे टळत नाही. त्यासाठी खोलीवरच खर्च करावा लागतो, आणि भाड्याच्या घरात तो सहसा शक्य नसतो. हेडफोन खोलीला मधून काढून टाकतो. शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही, हा वरचा फायदा.

अचूक हेडफोन म्हणजे सर्व वारंवारिता सारख्याच जोराने वाजवणारा, असे वाटणे साहजिक आहे. ते बरोबर नाही. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि पडद्यापाशी बंद होते. बासरीसारखी तीही घुमते. तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज नळी आणि कानाची पाळी मिळून दहा डेसिबलहूनही अधिक वाढवतात. समोरच्या माणसाचे बोलणे, स्पीकरवरचे गाणे, सगळे मेंदू याच वाढीसह ऐकत आलेला असतो. हेडफोन कानावर बसला की हा नैसर्गिक मार्ग बदलतो. म्हणून ती वाढ हेडफोनच्या रचनेतच धरावी लागते. किती धरायची, यावर अनेक वर्षे काम झाले. जर्मनीतील ध्वनिशास्त्रज्ञ गुंटर थाइले यांनी १९८६ मध्ये मांडले की, चहूबाजूंनी सारखा आवाज येत असताना कानाच्या पडद्यापाशी जे पोहोचते, ते स्टुडिओच्या हेडफोनसाठी प्रमाण मानावे. पुढे २०१२ नंतरच्या काही वर्षांत हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून पसंती तपासली. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खर्जाकडे थोडा उंचावलेला आवाज बहुतेकांना नैसर्गिक वाटतो, असे त्यातून दिसले. आज हेडफोनचे आलेख छापताना ज्या ‘हरमन रेषे’शी तुलना होते, ती हीच. त्यामुळे आलेख सपाट नाही म्हणून हेडफोन खोटा ठरत नाही. कोणत्या रेषेशी ताडून तो काढला आहे, हे आधी पाहावे लागते.

यानंतरचा निर्णय बंद की उघडा हेडफोन, हा. हा निर्णय आवडीवर सोडू नये, कामावर ठरवावा. बंद हेडफोनच्या वाट्यांना मागे झाकण असते, त्यामुळे आतला आवाज फारसा बाहेर जात नाही. गाताना हे अत्यावश्यक आहे. कानात वाजणारा तबला किंवा मेट्रोनोमची टकटक बाहेर गळली तर ती समोरच्या मायक्रोफोनमध्ये उतरते, आणि हळू आलापाच्या मागून एकदा ऐकू येऊ लागली की नंतर नीट काढता येत नाही. उघड्या हेडफोनच्या वाट्यांना मागे जाळी असते. सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये आणलेला एचडी ४१४ हा या प्रकारातला पहिला. मागची हवा मोकळी असल्याने वाटीत आवाज कोंडत नाही, वाद्ये डोक्याच्या आत दाटल्यासारखी वाटत नाहीत आणि तासन्‌तास काम करता येते. त्याची किंमत म्हणजे अगदी खालचा खर्ज उतरता असतो आणि खोलीतला पंखा, रस्त्यावरचा हॉर्न सरळ कानात येतो. गाणे आणि मिक्सिंग दोन्ही एकाच माणसाला करायचे असेल आणि पैसे एकाच हेडफोनपुरते असतील, तर बंद हेडफोन घ्यावा. बंद हेडफोनवर मिक्सिंग कसेबसे जमते, उघड्यावर ध्वनिमुद्रण जमतच नाही.

व्यवसायात रुळलेल्या काही हेडफोनांचे स्वभाव सर्वांना ठाऊक आहेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा बंद हेडफोन आजही जगभरच्या स्टुडिओंमध्ये आणि चित्रीकरणाच्या जागी दिसतो. तो वरच्या स्वरांना उठाव देतो. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’मधली शिट्टी, तोंडाची टिचटिच, नको असलेली खरखर तो लगेच पकडून देतो, पण फक्त त्याच्यावर विसंबले तर गाणे मंद होण्याचा धोका असतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा उघडा हेडफोन वरच्या टोकाला आणखी तिखट आहे. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा उघडा हेडफोन मध्यसप्तकासाठी नावाजलेला आहे. माणसाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी यांचा पोत तो न रंगवता दाखवतो. खालचा खर्ज मात्र त्याच्यावर कमी पडतो, तेव्हा पखवाज आणि सिंथेसायझरचा बेस दुसऱ्या कशावर तरी तपासावा लागतो. यातला एकही निर्दोष नाही. पण ज्याचा दोष कळलेला आणि कायम असतो, तो हेडफोन नव्या, अनोळखी हेडफोनपेक्षा भरवशाचा.

खोक्यावर लिहिलेला ओहमचा आकडा, म्हणजे इम्पीडन्स, अनेकजण वाचून सोडून देतात, पण तो महत्त्वाचा आहे. डीटी ७७० प्रो हा बंद हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळत आला आहे. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. अधिक ओहमच्या हेडफोनला पुरेसा आवाज यायला जास्त व्होल्टेज लागते. मोबाइल किंवा स्वस्त लॅपटॉपला तो जोडला तर आवाज क्षीण येतो आणि घेणाऱ्याला हेडफोनच वाईट वाटतो. आकडा कमी असेल तेव्हा वेगळी अडचण संभवते. ज्यातून आवाज घ्यायचा त्या उपकरणाचा स्वतःचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो चार ओहमच्या आत हवा. तसे नसेल तर काही हेडफोनांचा खर्ज फुगतो, आणि अचूकतेसाठी मोजलेले पैसे वाया जातात. घरातल्या ऑडिओ इंटरफेसच्या माहितीपत्रकात तो किती व्होल्टेज देतो आणि त्याचा इम्पीडन्स किती, हे दोन्ही आकडे पाहूनच हेडफोन घ्यावा.

ब्लूटूथ या कामाला चालत नाही. आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडण्यात वेळ जातो आणि नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनवर हा उशीर एक पंचमांश सेकंदाच्या घरात जाऊ शकतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तो मात्रेच्या दोन पंचमांश भरतो. असा हेडफोन लावून गायक समेवर येणारच नाही. बाहेरचा गोंगाट पुसणारे हेडफोन प्रवासात सुखाचे. पण ते आवाजावर सतत प्रक्रिया करतात, म्हणून मिक्सिंगसाठी दूर ठेवावेत.

चांगल्या हेडफोनलाही एक मर्यादा आहे. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज थोड्या उशिराने उजव्या कानालाही मिळतो. हेडफोनवर तो फक्त डाव्या कानात राहतो. त्यामुळे डावी-उजवीकडची अंतरे हेडफोनवर वाजवीपेक्षा रुंद भासतात आणि गुंजन, म्हणजे रिव्हर्ब, नको तितके स्पष्ट ऐकू येते. साहजिकच ते कमी ठेवले जाते आणि स्पीकरवर गाणे कोरडे पडते. दोन्ही बाजूंचा आवाज थोडा एकमेकांत मिसळणारी सॉफ्टवेअर यावर मिळतात, त्यांनी फरक पडतो. तरीही शेवटची तपासणी साध्या स्पीकरवर, मोटारीत आणि मोबाइलवर झालीच पाहिजे.

दुकानात निवड करताना शंभर वेळा ऐकलेले, सुटी वाद्ये आणि मोकळा आवाज असलेले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तंबोऱ्याची जवारी ही उत्तम कसोटी आहे. तिच्यात खर्जापासून अतिशय वरच्या स्वरांशांपर्यंत सगळे सतत हलत असते आणि हेडफोनने त्यातला एखादा पट्टा पुढे-मागे केला की लगेच जाणवते. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. कानाला मोठा आवाज भरदार वाटतो, कारण पातळी वाढली की खर्ज तुलनेने जास्त ऐकू येतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. चष्मा वापरणाऱ्याने तो लावूनच ऐकावे. चष्म्याच्या दांडीमुळे बंद हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. गाद्या आणि वायर वेगळ्या विकत मिळतात का, हेही विचारून घ्यावे. घामाने कडक झालेल्या, चेपलेल्या गाद्यांनी आवाज बदलतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

हेडफोन कितीही अचूक असला तरी त्याच्या पलीकडचा कान एकदाच मिळतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास ऐकण्याची मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबल वाढीला ती निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. काम करताना कानात शिट्टी वाजू लागली, तर हेडफोन काढून त्या दिवशीचे मिक्सिंग तिथेच थांबवावे.