गव्हावांचून भाकरी व पाव

गहूं ज्यांस वर्ज्य आहे अशांसाठीं निराळीं पिठें हल्लीं शहरांतून चढ्या किंमतीस विकलीं जातात. डोलवीपासून रोह्यापर्यंतच्या वाचकांस याचें थोडें हसूं येईल. धरमतरच्या खाडीकांठचा हा मुलूख भाताचा. खारबंदिस्तीच्या आंत भात, वरकस जमिनींत नाचणी व वरी, आणि ताटांत तांदळाची भाकरी, ही येथील जुनी रीत. डोलवीचें नांव आज पोलादाच्या कारखान्यामुळें अधिक ऐकूं येतें, तरी भोंवतालच्या घरांतून ती भाकरी गेलेली नाहीं. शहरचा मनुष्य जी विद्या शोधीत आहे तिचा बराच भाग आपल्या चुलीपाशींच आहे. तिचें कारण मात्र समजून घेतलें पाहिजे.

गव्हाचें पीठ पाण्यांत मळलें म्हणजे त्यांतील दोन प्रथिनें एकमेकांत गुंतून रबरासारखें जाळें तयार होतें. यास ग्लूटेन म्हणतात. कणकेचा गोळा पाण्याखालीं धुतला असतां पांढरें पाणी निघून जातें व हातांत चिवट चीक उरतो, तोच हा. पोळी लाटतां येते ती या चिकामुळें, आणि पाव फुगतो तोही वायु या जाळ्यांत कोंडला जातो म्हणून. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी यांत तसें जाळें होत नाहीं. थंड पाण्यांत भिजविलेलें तांदळाचें पीठ कितीही मळा, तें तुटणारच.

त्यावर आपल्याकडील गृहिणींनीं काढलेली तोड म्हणजे उकड. सुमारे 70 अंश उष्णतेस तांदळांतील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व खळ तयार होते. ती खळ चिकाचें काम करते. एक वाटी पिठास एक वाटी पाणी घेऊन तें खळखळ उकळल्यावर त्यांत पीठ घालावें, झांकण ठेवून खालीं उतरावें, आणि गोळा ऊन असतांनाच मळावा. जुन्या तांदळाचें पीठ पाणी अधिक ओढतें व नव्याचें कमी, तेव्हां प्रमाण हातानेंच ठरवावें लागतें. नाचणीसही हीच रीत लागू पडते.

भट्टींत भाजण्याच्या पदार्थांतही कोंकण मागें नाहीं. जून तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ व नारळ एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यांत घालावयाचें, खालीं मंद आंच व झांकणावर निखारे ठेवावयाचे, म्हणजे धोंडस तयार होतें. हा आपला केकच होय, आणि त्यांत गव्हाचा कणही लागत नाहीं. वरून व खालून सारखी उष्णता देण्याचें तत्त्व विजेच्या भट्टींतही तेंच आहे.

पावाचें काम मात्र कठीण. वायु धरून ठेवणारें कांहीं तरी पिठांत मिसळलेंच पाहिजे. इडलीच्या पिठांत तें काम उडदाचा बुळबुळीतपणा करतो. पावासाठीं इसबगोलाची साल उत्तम. तांदळाचें पीठ 200 ग्रॅम, नाचणीचें 100 ग्रॅम, इसबगोलाची साल 15 ग्रॅम, कोरडें यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, थोडा गूळ व दोन चमचे तेल घ्यावें. कोमट पाणी सुमारे 300 ते 330 मिलिलिटर लागतें. मिश्रण कणकेसारखें न होतां घट्ट घावनाच्या पिठासारखें होईल. तसेंच असूं द्यावें व तेल लावलेल्या डब्यांत फुगूं देऊन भाजावें. भट्टींतून काढतांच कापूं नये. पिष्ट निवल्यावर घट्ट होतें; गरम पाव कापल्यास आंत लगदा दिसतो. मैद्याच्या पावाइतका हलका तो होणार नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्लूटेन नाहीं म्हणजे साखर वाढणार नाहीं, असें नव्हे. 100 ग्रॅम तांदळांत पिष्टमय अंश सुमारे 78 ग्रॅम, नाचणींत सुमारे 70, बेसनांत सुमारे 60. नाचणींत तंतु अधिक व कॅल्शियम सुमारे 350 मिलिग्रॅम, हें तिचें खरें भूषण. परंतु मधुमेही मनुष्यानें ती मोजूनच खावी. ज्यास पिष्ट कमी करावयाचें आहे त्यानें सोयाबीनचें पीठ किंवा दूध काढून उरलेला नारळाचा चोथा वाळवून व दळून मिसळावा. हा चोथा पाणी फार ओढतो, म्हणून चौथ्या हिश्श्याहून अधिक घालूं नये.

याहून गंभीर गोष्ट सीलिॲक रोगाची. हॉलंडमधील डॉक्टर विलेम डिके यांनीं 1950 सालच्या आपल्या प्रबंधांत गव्हाचा व या रोगाचा संबंध दाखविला. अशा रोग्याच्या आंतड्याचें अस्तर ग्लूटेननें झिजतें, मूल खुरटतें, रक्त कमी होतें; गहूं व जव जन्मभर सोडणें हाच उपाय. खपली गहूंही गहूंच. बाजारच्या हिंगांतही बहुधा मैदा असतो. मात्र रक्ततपासणीपूर्वीं गहूं सोडूं नये, नाहीं तर रोग असून दिसत नाहीं.

ग्लूटेनमुक्त म्हणून विकावयाच्या पदार्थांत एका किलोस 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतें. गव्हाच्या पिठाचा सुमारे दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर एका किलोंत पाव ग्रॅमहून कमी गव्हाचें पीठ मिसळलें तरी मर्यादा ओलांडली. गांवच्या गिरणींत गव्हामागून नाचणी दळली असतां दगडांत अडकलेलें पीठ याच्या कितीतरी पट तिच्यांत उतरतें. म्हणजे आपली शुद्ध नाचणी गिरणीच्या तोंडाशीं बाटते. ज्या बंधूंस हा माल विकावयाचा आहे त्यांनीं चारपांच जणांनीं मिळून एक निराळी घरघंटी घ्यावी, तिच्यांत गहूं कधींही घालूं नये, चाळणी व पोतींही वेगळीं ठेवावीं, आणि प्रत्येक नव्या हंगामाच्या पिठाचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून मगच डब्यावर तो शब्द छापावा. घरांत रोगी असल्यास जुनें दगडी जातें बाहेर काढावें; फक्त त्यावर पूर्वीं गहूं दळलेला नसावा.