मुलांच्या फोनचें कुलूप

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें ऑगस्ट २०२२ मध्यें एक नवा नियम सुरू झाला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत घरोघरचे फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवावयाची. टाळेबंदींत अभ्यासाकरितां मुलांच्या हातीं आलेले फोन शाळा उघडल्यावरहि सुटेनात, हें त्याचें कारण. विशेष हें कीं, हा निर्बंध वडील माणसांवरहि होता.

मुकुंदवाडीसारख्या शहरी वस्तींत असा भोंगा कोण वाजविणार? तेथें हें काम फोनमधील नियंत्रणाकडेच सोपवावें लागतें. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्यें मुलाचें खातें पालकाच्या खात्यास जोडलें म्हणजे रोजचा वेळ ठरवितां येतो, निजेच्या वेळीं फोन आपोआप बंद होतो, आणि नवें ॲप पालकाच्या अनुमतीवांचून घेतां येत नाहीं. परंतु यांत एक मेख आहे. हें कुलूप मुलाच्या खात्यास असतें. पुष्कळ घरांत मुलाच्या हातीं जातो तो आईचा फोन, आणि त्यास तें लागूच नसतें. अशा फोनवर ‘ॲप पिनिंग’ चालू करावें. मग समोरचें एकच ॲप पडद्यावर खिळून राहतें, व त्यांतून बाहेर पडण्यास गुप्त अंक लागेल अशी सोय करतां येते. तो अंक मुलाच्या जन्मतारखेचा ठेवणें म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणें होय!

अभ्यासाचें ॲप मात्र रोजच्या मर्यादेंतून वगळावें. नाहीं तर गृहपाठासाठीं कुलूप काढावें लागतें, आणि काढलेलें कुलूप त्या रात्रीं बहुधा पुन्हा लागत नाहीं.