शाळा कोणतीही असो, पहिले गुरुजी आईबापच

जून महिना जवळ आला की मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा विचार प्रत्येक ख्रिस्ती आईबापांस पडतो. बीदर जिल्ह्यातील हळ्ळीखेड (बी) सारख्या गावी तर तो अधिकच बिकट होय. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. तेव्हापासून मराठी कुटुंबांच्या घरात एक भाषा व कचेरीत दुसरी असा संसार चालू आहे. त्यात आता इंग्रजीची ओढ!

कोणी म्हणतात, मुलास मिशनच्या शाळेतच घालावे, मग फी भरताना कंबर मोडली तरी चालेल. शहरातील काही कुटुंबे तर मुलांस शाळेत न पाठविता घरीच शिकवितात. अशा मुलांस १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. परंतु दिवसभर शेतात वा मजुरीवर राबणाऱ्या आईबापांनी गणित आणि विज्ञान घरी कसे शिकवावे? त्यांनी मुलाची शाळा तोडू नये, असेच आम्हांस वाटते.

मग धर्मशिक्षणाचे काय? सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने तसे ठरविले आहे. तेव्हा सरकारी शाळेला त्याबद्दल दोष देणे व्यर्थ होय. मिशनच्या शाळेत धर्माचा तास मिळाला, तरी तो मुलाच्या मायबोलीत असेलच असे नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक ठरविले आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेचा ७९८ वा नियम सांगतो की, कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत मुलांस घालावे. ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्यांना ते शिक्षण मिळेल अशी तजवीज आईबापांनी करावी. म्हणजे गरिबाला मिशनची शाळा परवडली नाही, तर तो दोषी ठरत नाही. मात्र त्याची जबाबदारीही सुटत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, आणि धर्माचे वाचन मराठीत खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचू लागले. घरात एकाला जरी वाचता आले, तरी बाकीचे ऐकू शकत.

आठवड्याचे तास १६८. रविवारच्या धर्मवर्गाला त्यांतला एखादाच येतो. बाकीचे कोणाचे? रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. क्रुसाची खूण व नित्याच्या प्रार्थना मराठीतून म्हणाव्या, शुभवर्तमानातील एक उतारा शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. आईला अक्षरओळख नसली तरी तिला प्रार्थना तोंडपाठ असतात. तेवढ्यावरही ही शाळा चालते.

कन्नड मुलाने अवश्य शिकावे, इंग्रजीही शिकावे. पोटाला दोन्ही लागतील. पण ज्या भाषेत आजी देवाला हाक मारते, त्याच भाषेत नातवालाही ती मारता यावी. हे शिक्षण कोणतीही शाळा फी घेऊन देणार नाही. ते घरातच मिळावयाचे आहे.